लहान नळीतला प्लाझ्मा

मंडळी, भुसावळात पारा ४५ अंशांवर गेला की आपण हैराण होतो. उपग्रहाच्या रेडिओलहरींवर चालणाऱ्या इंजिनात तर इलेक्ट्रॉन ३०-४० हजार अंशांचे असतात, तरी नळी वितळत नाही. का बरं?

नळीत अगदी विरळ झेनॉन वायू, बाहेर तारेचं वेटोळं. त्यातली वीज सेकंदाला लाखो वेळा मागेपुढे होते. हलके इलेक्ट्रॉन त्या तालावर धावून तापतात. झेनॉनचा आयन सुमारे २ लाख ४० हजार पट जड. तो फारसा हलत नाही, तापतही नाही. इलेक्ट्रॉन अणूंवर आदळून नवे आयन घडवतात, विद्युतभारित जाळ्या ते मागे फेकतात आणि उपग्रह पुढे सरकतो.

रेटा किती? दीड ग्रॅम वजनाएवढा! पण २००१ मध्ये खालच्या कक्षेत अडकलेला युरोपचा आर्टेमिस उपग्रह अशाच इंजिनाने महिनोन्‌महिने रेटत २००३ मध्ये ठिकाणावर नेला.

मग इंजिन आणखी लहान का करू नये? नळीची लांबी-रुंदी निम्मी केली, की आतली जागा आठवा हिस्सा उरते, भिंत मात्र चौथा. भिंतीला टेकलेले आयन-इलेक्ट्रॉन पुन्हा जुळतात आणि खर्चलेली वीज वाया जाते. छोट्या उपग्रहाकडे मुळात वीज थोडी. म्हणून काही ठिकाणी चुंबक लावून प्लाझ्मा भिंतीपासून राखतात.

आता तुमचे प्रश्न घेऊ.