अंथरूण-पांघरुणाची शब्दकळा

बाज : लाकडी चौकटीवर सुंभ किंवा नवार विणलेली खाट. विणीतून हवा खेळत असल्याने उन्हाळ्यात सुखाची. वीण सैल झाली की पायथ्याकडची दोरी ओढून ताणतात.

पलंग व दिवाण : पलंगाला फळ्या आणि उशाशी उभी पाठ असते. दिवाण सहसा बिनपाठीचा. दिवसा बैठक, रात्री बिछाना.

गादी : कापसाची गादी वापरून दबते, गठ्ठे धरते. कापूस पिंजून पुन्हा भरला की ती नव्यासारखी होते. उशीसाठी सावरीचा हलका, मऊ कापूस नावाजलेला.

अभ्रा आणि पलंगपोस : अभ्रा उशीचा, पलंगपोस अख्ख्या बिछान्याचा. ‘पोस’ म्हणजे झाकणारे. मूळ फारसी ‘पोश’.

गोधडी : जुन्या लुगड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण. कोल्हापूरकडे हीच वाकळ. आजीच्या लुगड्याची ऊब नातवंडांपर्यंत पोहोचवणारी ही कला जपायलाच हवी.

दुलई : दोन कापडांमध्ये कापूस भरून टाके घातलेले पांघरूण. टाक्यांमुळे कापूस एका जागी गोळा होत नाही.

घोंगडी : दख्खनी मेंढीच्या लोकरीची. थंडी-पावसात धनगरांची सोबतीण.

सोलापुरी चादर : जाड सुती, ठसठशीत नक्षीची. तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

क्वीन, किंग : हा फरक रुंदीचा. क्वीन साधारण 60 इंच, किंग 72 इंच. चादर घेण्यापूर्वी गादीची जाडीही मोजा.