दिवाडीचे घर आणि दिवाडीचा बांध

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आमच्या साडूंनी एक बेत काढला आणि त्यापायी आम्हांस दिवाडी बेट पाहण्याचा योग आला. साडू नुकतेच सेवानिवृत्त झालेले. फंडाची रक्कम बँकेत स्वस्थ पडून राहिली की ज्यांची झोप उडते, अशांपैकी ते एक. गोव्यात मांडवी नदीतील या बेटावर एक जुने कौलारू घर विकाऊ आहे, ते दोघांनी भागीत घ्यावे, चार महिने आपण राहावे आणि उरलेले आठ महिने प्रवाशांना भाड्याने द्यावे, असा त्यांचा विचार होता. "आधी पाहू तरी," असे आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या आणि एका शनिवारी पहाटे आम्ही चौघे बेळगावहून निघालो.

चोर्ल्याचा घाट उतरून साखळी आणि डिचोली मागे टाकली की नार्व्याला रस्ता नदीकाठी येऊन थांबतो. तेथेच श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्यदैवत. मूळ स्थान समोरच्या तीरावर, दिवाडीत होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार अलीकडे आणले, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी येथे देवालय बांधविले. 2023 मध्ये त्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. दोन्ही तीरांवरील गावांचे नाव आजही एकच आहे. देव ज्या वाटेने इकडे आला त्याच वाटेने आपण तिकडे पैसा गुंतवायला निघालो आहोत, हा विचार दर्शन घेताना मनात येऊन गेला. साडूंजवळ मात्र आम्ही तो बोललो नाही.

दिवाडीला पूल नाही. नार्वे, जुने गोवे आणि रायबंदर येथून फेरीबोटी सुटतात. सपाट बुडाची बोट, पुढे लोखंडी फळी, तिच्यावरून मोटारी आणि माणसे एकदमच चढतात. पायी उतारूंस पैसे पडत नाहीत. पाच-सात मिनिटांत पलीकडचा काठ येतो आणि एवढ्या अवधीत गोवा म्हणून आपण जे काही ऐकून असतो ते सारे मागे राहते. पुढे असतात ती दोहों बाजूंची सखल शेते, कडेला तिवरांची रांग आणि टेकडीवर पिएदादचे पांढरे चर्च.

घर खरोखर देखणे होते. शिंपल्यांची तावदाने असलेल्या खिडक्या, पुढे बसायला दगडी बाकांचा सोपा, मागे फणस. साडूंनी तेथल्या तेथे कोणत्या खोलीत काय ठेवायचे हे ठरवूनही टाकले. दलाल मोठा गोडबोल्या. "कागद स्वच्छ आहेत," हे त्याने निदान पाच वेळा सांगितले. आम्ही कागद मागितले.

आपल्याकडे जसा उतारा, महाराष्ट्रात जसा सात-बारा, तसा गोव्यात 'एक-चौदा'. त्यावर घराच्या मागच्या खोपटातील कुटुंबाचे नाव मुंडकार म्हणून होते, याविषयी दलाल चकार शब्द बोलला नव्हता. मुंडकारास कायद्याने संरक्षण आहे. घर विकले म्हणून तो उठत नाही. पुढे वारसांची गोष्ट. 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेल्या येथील कायद्यात मुलगे आणि मुली सारख्याच वारस असतात, आणि लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर मिळकत पतिपत्नींची सामाईक ठरते. या घराचे वारस सात. जोडीदार धरून सह्या तेरा. दोघे मुंबईत, एक लिस्बनला, एक कॅनडात. घराबरोबर मिळणार असलेल्या भातशेताचीही अशीच कथा. 2023 च्या कायद्याने गोव्यात भाताची जमीन शेतकरी नसलेल्यास विकत घेता येत नाही. "ते आपण पाहून घेऊ," असे दलाल म्हणाला. हे वाक्य ज्या व्यवहारात येते, त्यात आपणांस पुढे पुष्कळ पाहावे लागते.

मेहुणीने साधाच प्रश्न केला. "रात्री कोणाच्या छातीत दुखू लागले तर?" उत्तर शेजारच्या बाईंनी दिले. "आधी फेरीवाल्याला फोन करायचा, मग डॉक्टरला." त्या अगदी सहज म्हणाल्या, त्यांचे सारे आयुष्य तेथेच गेलेले.

संध्याकाळी पाय मोकळे करायला आम्ही शेतांकडे गेलो, आणि जे पाहायला आलो नव्हतो ते तेथे पाहिले. दिवाडीची शेते म्हणजे खाजण. भरतीच्या पाण्याहून ती खाली आहेत. नदी समुद्राला जवळ, म्हणून पाणी खारे. ते अडवतो तो केवळ चिखलाचा बांध. बांधात ठिकठिकाणी मानस असते. ही एक दगडी मोरी, तिला लाकडी झडपा. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडपा आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी त्या ढकलून नदीत जाते. यंत्र नाही, वीज नाही. पावसाने मातीतला खार धुऊन निघाला की खारटपणा सोसणारे कोरगुट भात लावतात. ओहोटीच्या वेळी मानशीशी जाळे लावून कोळंबी धरतात, आणि त्या हक्काचा लिलाव होतो.

पाचसहा माणसे पावसाआधी बांधाची भगदाडे बुजवत होती. त्यांतील एक म्हातारे गृहस्थ, सत्तरी ओलांडलेले, आमच्याशी बोलत उभे राहिले. पूर्वी बांधाची चिंता गावकरीची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या सामाईक संस्थेची असे. पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणत. तिचे रिवाज 1526 सालच्या सनदेत नोंदलेले आहेत. शेतांच्या उत्पन्नातून आधी बांधाचा खर्च निघे, मग गावकऱ्यांचा वाटा. 1976 च्या दुरुस्तीने कसणारी कुळे जमिनीची मालक झाली, आणि ते न्यायाचेच झाले. मात्र बांध कुळांच्या संघांकडे आला आणि पुढे माणसेच विरळ झाली. मुले बोटीवर, आखातात, युरोपात. लोहखनिजाच्या बार्जी जात तेव्हा त्यांच्या लाटांनी बांध खचत. कोठे कोळंबीच्या लोभाने मानस उघडीच ठेवतात, खारे पाणी आत राहते, आणि दोनचार वर्षांत भाताच्या जागी तिवरे उगवतात.

साडूंनी विचारले, "आणि ही नवी घरे घेणारी मंडळी? ती काही देतात की नाही?"

म्हातारबाबांनी फावडे बांधावर टेकले. "घर बरें करतात," ते म्हणाले. "पूण बांद फुटलो जाल्यार घर कितें करतलें, बाब?"

घर टेकडीच्या पायथ्याशी होते. त्याच्या अंगणापासून शेताच्या कडेपर्यंत चालत गेलो तर शंभर पावलेही भरली नाहीत. साडू परत येताना ती पावले मोजत होते, हे आमच्या लक्षात आले.

परतीच्या फेरीत कोणी फारसे बोलले नाही. सौभाग्यवतींनी पिएदादहून घेतलेले पोदेराचे पाव सर्वांना वाटले. नार्व्याला उतरल्यावर साडूंनी दलालास फोन करून नकार कळविला, आणि दुसरा फोन शेजारच्या त्या बाईंना केला. त्यांच्या माडीवरील दोन खोल्या रिकाम्या होत्या.

जूनपासून साडू आणि मेहुणी तेथे चार महिने भाड्याने राहिली. मेहुणीची फेरीवाल्याशी ओळख झाली, त्याचा क्रमांक तिने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला. ऑगस्टातील चौथ्या शनिवारी बोंदेरांचा उत्सव पाहायला त्यांनी आम्हांस बोलावले, पण घाटात पाऊस फार होता; गेलो नाही. फंडाची रक्कम बँकेतच आहे. त्यातील थोडी साडूंनी मानशीच्या एका झडपेच्या लाकडासाठी दिली, असे मेहुणीकडून कळले. त्यांनी स्वतः सांगितले नाही. या वर्षी पुन्हा मेअखेरीस ते बांधाच्या कामाला जाणार आहेत. गुडघे दुखतात ही तक्रार चालूच आहे. आमचे जुने रबरी बूट त्यांनी मागवून घेतले आहेत.