गप्पी: एकदा मीलन, महिनोन्‌महिने पिल्ले

मूळचा त्रिनिदाद, व्हेनेझुएला भागातल्या ओढ्यांतला हा मासा अंडी घालत नाही. सुमारे चार आठवड्यांनी थेट पोहणारी पिल्ले देतो. खरी गोम पुढे आहे. मादी नराचे शुक्राणू पोटात महिनोन्‌महिने साठवते. दुकानातून आणलेली मादी बहुतेक वेळा आधीच गाभण असते, मग घरच्या कोब्रा किंवा मॉस्को वाणाच्या नराशी जोडी लावूनही पिल्ले भलत्याच बापाची निघतात! शुद्ध वाण हवा तर पिल्ले तीन-चार आठवड्यांची होताच नर-मादी वेगळे करावेत. नराचा पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार होऊ लागतो, मादीचा पंख्यासारखाच राहतो. शेपटीच्या रंगाची वाट पाहिली, तर उशीर झालाच म्हणून समजा.

पाणी २४ ते २८ अंश, किंचित कठीण; नळाचे असेल तर क्लोरीन घालवूनच. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात. आई स्वतःचीच पिल्ले गिळते, म्हणून त्यांना लपायला टाकीत जावा मॉस ही पाणवनस्पती भरपूर असावी.

डासांच्या अळ्या खाण्यासाठी पालिका विहिरींत सोडतात ते मासेही अनेकदा गप्पीच, फक्त बिनझालरीच्या शेपटीचे.