डोक्यात अचानक 'करंट' बसल्यासारखे का होते?

कूस बदलली किंवा नजर झटकन बाजूला वळवली, की डोक्यात क्षणभर करंट बसल्यासारखे होते. दुखत नाही. एक-दोन सेकंदांत सगळे पूर्ववत. पण दिवसातून दहा-वीस वेळा असे झाले, की माणूस घाबरतो. कुणी मानेचा एक्स-रे काढतो, कुणी थेट एमआरआय. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि झटके सुरूच राहतात.

अशा वेळी एक प्रश्न विचारायचा राहून जातो : गेल्या काही दिवसांत एखादी गोळी बंद केली का?

नैराश्य किंवा चिंतेवरची औषधे अचानक थांबवली, की असे झटके येऊ शकतात. इंग्रजीत त्यांना 'ब्रेन झॅप्स' म्हणतात. गोळी सुरू असताना मेंदूने सेरोटोनिन या रसायनाच्या बदललेल्या पातळीशी जुळवून घेतलेले असते. ती एकदम थांबली, की पुन्हा जुळवून घ्यायला वेळ लागतो. पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन ही औषधे शरीरातून लवकर बाहेर पडतात, म्हणून ती सोडल्यावर त्रास जास्त. फ्लुऑक्सेटिन बरेच दिवस शरीरात रेंगाळते, तिथे कमी. याचा अर्थ गोळीचे व्यसन लागले, असा मात्र नाही.

गोळी बंद का होते? बरे वाटू लागते म्हणून. गावी जाताना पाकीट घरीच राहते. लग्नघरात पाहुण्यांसमोर घ्यायची कशी, हाही प्रश्न असतोच. पुढे मेंदूच्या डॉक्टरांसमोर बसल्यावर शेजारी सासूबाई असतात, आणि बीपी-थायरॉईडच्या गोळ्यांची नावे सांगताना नेमकी हीच गोळी वगळली जाते. खरा घोळ इथे होतो. संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांशी दोन मिनिटे एकट्याने बोलायचे आहे, असे सांगा.

गोळी ज्यांनी लिहून दिली, त्यांना फोन करा. गरजेनुसार ते डोस पुन्हा सुरू करून हळूहळू उतरवतात. त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. स्वतःच्या मनाने एक दिवसाआड गोळी घेऊ नका. त्याने औषधाची पातळी वर-खाली होत राहते. झटके बहुतेकांचे काही आठवड्यांत ओसरतात, काहींचे लांबतात.

कोणतीही गोळी सोडलेली नसेल, तर तपासणी टाळू नका. तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे किंवा अचानक असह्य डोके दुखणे, यांपैकी काही झाले तर लगेच १०८ वर फोन करा. गोळी थांबल्यावर मन पुन्हा खचत असेल, तर 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते.