आधारची एक झेरॉक्स

तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मध्यंतरी ई-आधारची प्रिंट काढायला गेलो. पीडीएफ त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवली. या फाइलचा पासवर्ड गावाला पाठ आहे : इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि पुढे जन्मसाल. नाव मी सांगितलंच होतं. "काका, जन्मसाल?" त्याने रांगेतल्या सहा-सात जणांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं आणि मीही तेवढ्याच आवाजात सांगून टाकलं. ओटीपी आला की फोन बायकोपासूनसुद्धा वळवून धरणारा माणूस मी!

ओटीपीची ही भीती आपल्यात मुरायला सुरुवात झाली २००९ साली. १ ऑगस्टपासून कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना दुसरा पासवर्ड लागेल, असं रिझर्व्ह बँकेने ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुधारित माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला. त्यातलं ६६-क हे कलम दुसऱ्याची ओळख चोरणाऱ्यासाठीच आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. पासवर्ड कुणाला सांगू नये हे आपण शिकलो, आणि चांगलं शिकलो. कागदाचं मात्र कुणी काही शिकवलं नाही.

पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. ज्याच्याजवळ धड एकही कागद नाही त्यालाही आपण कोण ते सिद्ध करता यावं, हा हेतू. म्हणजे अंगठा टेकवायचा किंवा ओटीपी सांगायचा, यंत्राने हो-नाही म्हणायचं, कागदाचा संबंधच नाही. आपण काय केलं? त्या कार्डाला रेशनकार्डाची गादी दिली. पुढून-मागून झेरॉक्स, खाली सही, "दोन प्रती जोडा". लॉजवर, कुरिअरवाल्याकडे, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, मंगल कार्यालयात. त्या प्रतींचं पुढे काय होतं, हे ना देणारा विचारत होता ना घेणारा.

नोटाबंदीनंतरची दोन वर्षं तर जोडाजोडीतच गेली. बँक खातं जोडा, मोबाइल जोडा, पॅन जोडा. रोज एक मेसेज, रोज एक शेवटची तारीख. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सप्टेंबर २०१८ मध्ये बँक आणि सिमकार्डाची सक्ती गेली, पॅनची राहिली. त्याआधी जानेवारीत 'ट्रिब्यून'ने पाचशे रुपयांत आधारधारकांचे तपशील बघायला मिळतात अशी बातमी दिली होती. आधार प्राधिकरणाने ठशांची माहिती सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि आठवडाभरात आधार क्रमांकाऐवजी द्यायच्या सोळा अंकी आभासी क्रमांकाची घोषणा केली. कल्पना उत्तम. तो क्रमांक एखाद्या खिडकीवर कुणी आपणहून मागितल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

त्याच वर्षी तेलंगणात एक सिमकार्ड विकणारा पकडला गेला. जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठे सरकारी वेबसाइटवरूनच उतरवून त्याने रबरी ठसे बनवले होते, आणि त्यांवर सिमं चालू केली होती. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार? आधारच्या ॲपमध्ये ठसे लॉक करण्याची सोय आहे, फुकट आहे, दोन मिनिटांची आहे. आमच्या इमारतीत विचारून बघितलं, तर "लॉक? कशाला?" हेच उत्तर सगळ्यांकडून.

माझ्या मते या सगळ्या वर्षांतला सगळ्यात बोलका प्रसंग मे २०२२ चा. आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने २७ तारखेला पत्रक काढलं : आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी झाकलेली प्रत द्या. एवढं सरळ सरकारी वाक्य क्वचित वाचायला मिळतं. २९ तारखेला ते मागे घेतलं गेलं, लोक गैरसमज करून घेतील म्हणून. नेहमीची काळजी घ्या, एवढं सांगून विषय संपवला. नेहमीची काळजी म्हणजे काय, तर लॉजवाल्याला प्रत देताना हसून द्यायची!

२०२३ मध्ये दूरसंचार खात्याने 'संचार साथी' सुरू केलं. आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक आहेत ते तिथे दिसतं. मी बघितलं : चार. घरात तीन. चौथ्याचे शेवटचे आकडे दोनदा वाचले. मग आठवलं, दहा-बारा वर्षांपूर्वी एका दुकानात सिमसाठी फोटो आणि झेरॉक्स दिली होती. "पहिली नीट आली नाही" म्हणून त्याने दुसरी मागून घेतली होती. पहिली परत घ्यायचं मला सुचलं नव्हतं. 'हा माझा नंबर नाही' यावर बोट ठेवलं. तोवर त्या नंबरवरून कुणी कुणाला फोन केले असतील, ते कळायला मार्ग नाही.

तेव्हापासून प्रतीवर आडवं लिहितो : कशासाठी, कुणाला, तारीख. ऑगस्ट २०२३ मध्ये विदा संरक्षणाचा कायदाही झाला. कामापुरतीच माहिती घ्यावी, काम झालं की पुसावी, चूक मोठी असेल तर अडीचशे कोटींपर्यंत दंड, असं त्यात आहे.

त्या दिवशी झेरॉक्सवाल्याला पाच रुपये देऊन निघालो आणि अर्ध्या वाटेतून परतलो. म्हटलं, बाबा रे, ती फाइल तेवढी उडव. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'डाऊनलोड्स'मध्ये अख्ख्या तालुक्याची आधारं एकाखाली एक लागली होती.

"राहू द्या की काका," तो म्हणाला, "पुढच्या वेळी तुम्हाला परत पाठवायला नको."