पुलाच्या स्तंभातील किमान प्रबलन
काँक्रीटच्या स्तंभात, भाराच्या गणिताने आवश्यक ठरो वा न ठरो, जे अल्पतम पोलाद घालावेच लागते त्यास किमान प्रबलन म्हणतात. भारासाठी लागतो त्याहून स्तंभ जाड असेल, तर हे प्रमाण कोणत्या क्षेत्रफळावर काढावे हा प्रश्न उद्भवतो.

ठाण्याची खाडी व कल्याणजवळील उल्हास खाडी यांवरील पुलांच्या संदर्भात तो महत्त्वाचा आहे. १ मे १८५४ रोजी मुंबई–ठाणे लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला, तेव्हा ठाण्याच्या खाडीवर बांधलेले खांब दगडी होते. असा खांब स्वतःच्या वजनानेच दाबाखाली राहतो. त्यास पोलादाची गरज भासली नाही. काँक्रीटचे स्तंभही पुष्कळदा गरजेपेक्षा जाड केले जातात. बेअरिंगला जागा हवी असते, होड्यांचा धक्का विचारात घ्यावा लागतो आणि सर्व स्तंभांना एकच साचा वापरणे सोयीचे पडते.

भारतीय मानक ४५६ : २००० अन्वये उभ्या गजांचे क्षेत्रफळ छेदाच्या किमान ०.८ टक्के असावे. छेद मोठा असल्यास मात्र थेट दाबासाठी आवश्यक तेवढेच क्षेत्रफळ हिशेबात घ्यावे. उदा., २.५ मी. × १.२ मी. स्तंभाचा छेद ३०,००० चौ. सेंमी. भरतो. त्यापैकी १०,००० चौ. सेंमी. पुरेसे असल्यास ८० चौ. सेंमी. पोलाद, म्हणजे २५ मिमी. व्यासाचे १७ गज लागतात. पूर्ण छेदावर ४९ लागले असते. परंतु लगतच्या दोन गजांत ३०० मिमी.पेक्षा अधिक अंतर नसावे या नियमामुळे प्रत्यक्षात सु. २४ गज बसवावेच लागतात. पुलांसाठीची इंडियन रोड्स काँग्रेसची संहिता (क्र. ११२, २०११) संपूर्ण छेदाचाच ०.२ टक्के, किंवा स्तंभावरील दाबाचा एकदशांश पेलील इतके, यांपैकी अधिक असेल ते पोलाद मागते.

पहिल्या मानकातील सवलत थेट दाबापुरतीच आहे, हे पुष्कळदा विसरले जाते. जाड छेदास तडा जाण्यास मोठे नमन परिबल लागते, हे खरे. पण तडा जाताच काँक्रीटने पेललेला सर्व ताण गजांवर येतो. गज थोडे असल्यास ते तेथेच ताणले जाऊन तुटतात व स्तंभ पूर्वसूचनेवाचून निकामी होतो. भूकंपात हा धोका विशेष असतो. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ मधील आवृत्तीत ठाणे तिसऱ्या भूकंप विभागात दाखविले आहे. म्हणून तडा जाण्याच्या परिबलापेक्षा गजांची नमनक्षमता अधिक आहे किंवा नाही, हे प्रत्यक्ष छेद धरूनच तपासणे इष्ट. दीर्घकालीन दाबाखाली काँक्रीट हळूहळू आखूड होऊन भार गजांकडे सरकतो, हेही फार थोडे गज न घालण्याचे कारण आहे.

जाड स्तंभात सिमेंटच्या जलसंयोगाची उष्णता कोंडते. पृष्ठभाग आधी निवतो व तेथे बारीक तडे पडतात. भरतीचे खारे पाणी त्यांतून गजांपर्यंत जाते, गंज फुगतो आणि आच्छादनाच्या खपल्या पडतात. यावर मोजक्या जाड गजांपेक्षा पृष्ठभागालगत जवळजवळ बसविलेले बारीक गज उपयोगी पडतात. मात्र गजांची दाटी झाल्यास काँक्रीट आत नीट उतरत नाही. बाह्य आकार राखावयाचा असल्यास स्तंभ पोकळ घेता येतो. तेव्हा त्याच्या भिंतीच्या आतील व बाहेरील दोन्ही अंगांस गज द्यावे लागतात.