गाजरगवताचे विष

आमच्याकडे भांगलणीला जाणाऱ्या बाया गाजरगवत दिसले की हाताला फडके गुंडाळतात. माझी आईही गुंडाळते. अंगावर पुरळ उठते, खाज सुटते, आणि खाजेपायी रोज बुडवणे परवडत नाही. पण हे गवत माणसाप्रमाणे पिकालाही बाधते, हे मात्र मला कॉलेजात आल्यावर ग्रंथालयातल्या पुस्तकांतून कळले. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तेव्हा विज्ञानाच्या प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावे.

मुळात हे गवतच नव्हे. सूर्यफुलाच्या कुळातली ही वनस्पती अमेरिका खंडातली. आपल्याकडे १९५५ साली ती पुण्यात आढळली. पी.एल. ४८० च्या गव्हातून बी आले असे सर्रास सांगतात. पण तो करार १९५६ चा. त्याआधीही अमेरिकेचा गहू येत होता, ही गोष्ट वेगळी.

तण पिकाचे पाणी, खत, ऊन पळवते हे कुणीही शेतकरी सांगेल. गाजरगवत याहून पुढे जाते. त्याच्या पानाफुलांत, देठांत पार्थेनिन नावाचे कडू द्रव्य असते. जोडीला फेरुलिक, कॅफेइक यांसारखी आम्ले. दवापावसाने ती पानांवरून ओघळतात, मुळांतून पाझरतात, झाड कुजले की मातीत उतरतात. मग शेजारचे बी कमी उगवते, कोंबाची मुळे आखूड राहतात. कडधान्यांच्या मुळांवरील नत्राच्या गाठीही कमी होतात. नवल म्हणजे त्याचे परागसुद्धा निरुपद्रवी नाहीत : मिरची, टोमॅटो, वांगी यांच्या फुलांवर ते पडले तर फळधारणा घटते. अशा प्रभावाला हान्स मोलिश या शास्त्रज्ञाने १९३७ साली ‘अ‍ॅलेलोपथी’ हे नाव दिले.

अर्थात प्रयोगशाळेतल्या बशीत पानांचा अर्क ओतणे वेगळे आणि रान वेगळे. रानात किती नुकसान विषाने आणि किती पाणी पळवल्याने, हे निवडून काढणे अवघडच. तरी उपटलेले गवत सरीतच टाकून देण्याची आपली रीत मला धोक्याची वाटते. फुलावर येण्याआधी ते उपटून खड्ड्यात नीट कुजवले तर खत होते. फुलल्यावर मात्र एकेक झाड हजारो बिया टाकते.

१९८४ साली बंगळूरला मेक्सिकोतले भुंगेरे सोडले गेले. ते पाने फस्त करतात, पण पावसाळ्यातच. मला जास्त आवडला तो आपला टाकळा, पहिल्या पावसात भाजी करतो तोच! गाजरगवताचे शस्त्र तो त्याच्यावरच चालवतो. त्याच्यातील द्रव्ये गाजरगवताची उगवण रोखतात. म्हणून पडीक जागी, रस्त्याकडेला पावसाआधी टाकळ्याचे बी फेकावे, असे तणशास्त्रज्ञ सुचवतात.